आजारी माणसाला काय मेसेज पाठवायचा? उशीर झाला म्हणून गप्प बसलेल्या एका मुलीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातल्या एका बँकेच्या शाखेत काम करणारी मुलगी विचारतेय की तिच्या सिनियर मॅडमचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे, शाखेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच दिवशी सगळ्यांनी 'गेट वेल सून' आणि हात जोडलेले इमोजी टाकले, हिला मात्र काय लिहावं तेच सुचेना म्हणून हिने काहीच लिहिलं नाही. आता महिना होऊन गेला. आता लिहिलं तर विचित्र दिसेल का, लिहायचं तर काय लिहू, भेटायला जाऊ का आणि जाताना काय नेऊ.

मुलीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. मी इथंच सोलापुरात नर्सिंगमध्ये नोकरी केली, आधी सर्जिकल वॉर्ड, मग आयसीयू आणि शेवटची बरीच वर्षं केमोच्या डे-केअरला इन्चार्ज सिस्टर. पेशंटच्या उशाशी ठेवलेला मोबाईल दिवसभर वाजत असतो तेव्हा पेशंटचा चेहरा कसा असतो ते मी बघितलंय आणि तो वाजायचा बंद होतो तेव्हा कसा होतो तेपण बघितलंय.

उशीर झालेला नाही. खरं सांगायचं तर आत्ताच लिहायची वेळ आहे. ऑपरेशनच्या आठवड्यात सगळं गाव येतं. नातेवाईक, सोसायटीवाले, भिशीच्या बायका, ऑफिसचा स्टाफ, कोण कोण येतं आणि त्या वेळी पेशंट अर्धा गुंगीत असतो, कोण आलं कोण गेलं त्याला धड आठवतही नाही. मग डिस्चार्ज होतो, टाके निघतात, लोकांना वाटतं झालं, सुटले. आणि खरी लांबड तिथून पुढं सुरू होते. बऱ्याच जणींना दर एकवीस दिवसांनी एक अशी केमोची सहा किंवा आठ सायकल असतात, म्हणजे चार ते सहा महिने, त्यानंतर कुणाला रेडिएशन, कुणाला पुढं कित्येक वर्षं गोळ्या. तिसऱ्या सायकलला येणारी बाई नवऱ्याबरोबर किंवा मुलाबरोबर गुपचूप येते, सलाईन लावून घेते, फोन बघते, काही आलेलं नसतं, परत पर्समध्ये ठेवते. तुझा मेसेज त्या वेळी गेला तर तो वाचला जाईल, पहिल्या दिवशीच्या चाळीस मेसेजमध्ये एक्केचाळिसावा म्हणून गेला असता तर कुणी बघितलाही नसता.

हे माझं नुसतं मत नाहीये. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला जेरोम मोटो नावाचे एक मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांनी १९७०च्या आसपास एक साधा प्रयोग केला होता. डिप्रेशनमुळे किंवा जीव द्यायच्या विचारामुळे हॉस्पिटलात राहून गेलेले पण घरी गेल्यावर पुढची ट्रीटमेंट नको म्हणणारे ८४३ लोक होते. त्यांचे दोन गट केले. एका गटाला हॉस्पिटलातून छोटी पत्रं जायची, दुसऱ्याला काही नाही. पत्रात काय, तर तुम्ही इथं होता त्याला बरेच दिवस झाले, तुमचं बरं चाललं असेल अशी आशा आहे, वाटलं तर दोन ओळी लिहा, आम्हाला आवडेल, एवढंच. औषधं घ्या नाही, अपॉइंटमेंटला या नाही, फॉर्म भरा नाही. पहिले काही महिने दर महिन्याला, मग दोन महिन्यांनी, मग तीन महिन्यांनी, अशी पाच वर्षांत मिळून २४ पत्रं. ज्यांना पत्रं गेली त्यांच्यात पहिल्या दोन वर्षांत आत्महत्या स्पष्टपणे कमी झाल्या. आता हे मनाच्या आजाराचं आहे, कॅन्सरचं नाही, त्यामुळे मेसेजने गाठ विरघळते असं काही कुणी समजू नये. पण मला त्यातल्या दोन गोष्टी कायम पटत आल्यात, एक म्हणजे पत्र परत परत गेलं आणि दुसरी म्हणजे पत्राने समोरच्याकडे काहीच मागितलं नाही.

आता आपण मेसेजमध्ये किती मागतो ते बघ. 'कशा आहात?' हे विचारलं की उत्तर द्यावं लागतं, आणि ज्या बाईला सकाळपासून चार उलट्या झाल्यात तिने काय उत्तर द्यायचं, 'बरी आहे' असं खोटं लिहायचं का सगळं पुराण सांगायचं. 'रिपोर्ट काय आला?' 'डॉक्टर काय म्हणाले?' 'कुठली स्टेज?' हे तर सरळ चौकशी अधिकाऱ्याचे प्रश्न झाले. 'तुम्ही फायटर आहात, हरायचं नाही' हे ऐकायला बरं वाटतं पण मग त्या बाईला एखाद्या दिवशी रडावंसं वाटलं तर ती कुणासमोर रडणार, तिच्यावर तर आपण शूर राहायची ड्युटी लावून ठेवली. आणि 'काही लागलं तर सांगा हं, संकोच करू नका', हे वाक्य मी वॉर्डात रोज ऐकलं आणि त्यावरून कुणी कुणाला फोन केलेला फार क्वचित बघितला. सांगायचं काम पण आपण आजाऱ्यावरच टाकतो.

म्हणून मेसेज असा लिही की ज्याला उत्तर नाही दिलं तरी चालतं आणि ते चालतं हे त्यातच लिहून टाक. आणि त्यात आजारापेक्षा रोजचं काहीतरी असू दे, कारण त्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत फक्त आजारच चालू असतो, भिंतीवर पण केमोचं वेळापत्रक लावलेलं असतं. समजा मी तुझ्या जागी असते तर असं काहीतरी लिहिलं असतं:

'मॅडम, इतके दिवस काय लिहावं कळत नव्हतं म्हणून गप्प बसले, पण आठवण रोज येते. आज कॅश टॅली व्हायला साडेसात वाजले, शेवटी फरक निघाला दहा रुपयांचा, तुम्ही असता तर पाच मिनिटांत सापडला असता असं सगळे म्हणाले. तुमच्या टेबलावरच्या मनीप्लांटला मी पाणी घालतेय. रिप्लाय द्यायची अजिबात गरज नाही, असंच अधूनमधून लिहीत जाईन.'

एवढं पुरे. 'असंच अधूनमधून लिहीत जाईन' असं लिहिलंस तर मात्र लिहीत जा, नाहीतर ते वाक्य काढून टाक. फक्त एक सांभाळ, 'तुमच्याशिवाय शाखा ठप्प आहे, कधी येताय' या बाजूला घसरू नकोस, आठवण येते आणि अडलंय यात फरक आहे, अडलंय म्हटलं की रजेवर असलेल्या माणसाला अपराधी वाटायला लागतं. आणि हे ग्रुपवर नाही, त्यांच्या एकटीच्या नंबरवर पाठवायचं. ग्रुपवरच्या शुभेच्छा बऱ्याचदा ग्रुपसाठीच असतात, आपण टाकल्या हे बाकीच्यांना दिसावं म्हणून. आपल्याकडे तर नेता अ‍ॅडमिट झाला की चौकात 'साहेब लवकर बरे व्हा' असा फ्लेक्स लागतो आणि त्यात साहेब एवढेसे आणि शुभेच्छुकांचे फोटो मोठाले, त्यातलाच प्रकार.

आता एक गोष्ट जी बाहेरच्या लोकांच्या लक्षातच येत नाही आणि आम्हा नर्स लोकांचा जीव त्यात टांगलेला असतो. फोन कुणाच्या हातात आहे? आपल्या भागात आजही कितीतरी घरांत पेशंटला आजाराचं नाव सांगितलेलं नसतं. 'गाठ होती, काढली, आता ताकदीची सलाईन आहे' असं सांगून केमो चालू असते. मुलं डॉक्टरांच्या केबिनबाहेर आम्हाला गाठून हात जोडतात, सिस्टर आईसमोर कॅन्सर म्हणू नका. हे बरोबर का चूक यावर वेगळं लिहावं लागेल, माझं मत विचारशील तर बहुतेक पेशंटना आतून कळलेलंच असतं आणि लपवाछपवीने ते उलट एकटे पडतात. पण ते सांगायचं काम डॉक्टरचं आणि घरच्यांचं आहे, तुझ्या मेसेजचं नाही. 'कॅन्सरला हरवा काकू!' असा लाल हार्टवाला फॉरवर्ड नेमका काकूंच्याच हातात फोन असताना आला आणि काकूंना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, असं झालेलं आहे, आणि नंतर त्या घरात जे झालं ते मी इथं लिहीत नाही. म्हणून नियमच करून टाक, आजाराचं नाव आपण लिहायचं नाही. समोरच्याने लिहिलं तर मग आपण पण लिहायचं. तुझ्या मॅडम बँकेत अधिकारी आहेत, ऑपरेशनच्या कागदांवर स्वतः सह्या केल्या असतील, त्यांना सगळं माहीत असणारच. पण त्यांच्या सासूबाईंना माहीत असेलच असं नाही. भेटायला गेलीस तर हॉलमध्ये बसल्याबसल्या हा शब्द तोंडातून काढू नकोस. बार्शीला दाखवायला नेलंय एवढं म्हटलं तरी आपल्या जिल्ह्यात लोक ओळखतात, तिथं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे 'बार्शीला जाऊन आलात का' हासुद्धा साधा प्रश्न नाही.

आयसीयूतला फोटो स्टेटसला ठेवून 'प्रार्थना करा' लिहिणारे पण असतात. नळ्या लावलेल्या माणसाचा फोटो. शुद्धीवर आल्यावर त्याने तो बघितला तर काय वाटेल याचा विचार कुणी करत नाही. यावर मी जास्त लिहीत नाही, बीपी वाढतो.

भेटायला जाऊ का, असं विचारलंस. जा, पण दिवस बघून जा. केमो झाली की पहिले तीन-चार दिवस मळमळ, थकवा, कुणाचा आवाज पण नको होतो. नंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, त्या वेळी साधी सर्दी पण महागात पडते, घरचे लोक सांगत नाहीत पण तुम्ही येऊ नये असं त्यांना वाटत असतं. तिसऱ्या आठवड्यात, पुढच्या सायकलच्या आधी, माणूस जरा माणसात येतो, तोंडाला चव येते, गप्पा माराव्याशा वाटतात. त्या आठवड्यात जा. म्हणजे मॅडमच्या मिस्टरांना एकच विचार, पुढची केमो किती तारखेला आहे, बाकीचं गणित तुला जमेल, बँकेतली आहेस. त्या तारखेच्या आदल्या रात्री एक छोटा मेसेज टाक, कारण केमोच्या आदल्या रात्री झोप लागत नाही असं मला जवळजवळ प्रत्येक बाईने सांगितलंय. 'उद्याच्यासाठी आठवण काढतेय, झोपा निवांत' एवढंच. आणि तुला स्वतःला सर्दी-खोकला असेल, घरात लहान मुलाला ताप असेल, तर बाई घरीच बस, ती पण शुभेच्छाच आहे.

गेल्यावर वीस मिनिटं. चहा नको म्हणायचं आणि खरंच नको म्हणायचं, नाहीतर ती माऊली तशीच उठते आणि गॅस पेटवते. केस गेले असतील, पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत बऱ्याच जणींचे जातात, सगळ्याच औषधांनी जात नाहीत पण स्तनाच्या कॅन्सरच्या नेहमीच्या औषधांनी जातात. बघून दचकायचं नाही, 'अगंबाई' नाही, आणि 'परत येतात हो' असं लगेच सांत्वनही नाही, त्यांनी विषय काढला तर बोल. आपल्याकडे बाईच्या घरी जाताना मंडईतून गजरा घ्यायची सवय असते. गजरा नको. केसांचं तर झालंच, शिवाय मोगऱ्याचा वास, अत्तर, उदबत्ती, फोडणी, असल्या वासांनी केमोच्या पेशंटला भडभडून येतं. तू पण त्या दिवशी परफ्यूम मारून जाऊ नकोस. फुलांचा गुच्छ पण नको, पेशी कमी असताना फुलं आणि फुलदाणीतलं साचलेलं पाणी जवळ नको असतं, आयसीयूत तर फुलं दारातच अडवतात.

खाण्याचं म्हणशील तर आपले सोलापूरकर प्रेमाने काय नेतील, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी. केमोने तोंड आलेलं असतं, आतून सालपटं निघालेली असतात, पाणी पिताना डोळ्यात पाणी येतं, त्यात कडक भाकरी आणि तिखट चटणी! मी डे-केअरला एका आजोबांना बघितलंय, डबा उघडला, नुसता वास घेतला, म्हणाले 'बरं हाय की ओ, पोरांना द्या'. तर आधी विचार, काय उतरतंय घशाखाली. बहुतेकांना ताजा मऊ भात, मुगाची खिचडी, ज्वारीची पातळ आंबील, थंड करून दिलेलं काहीतरी चालतं. काहींना तोंडात लोखंडासारखी चव येते, स्टीलच्या चमच्याऐवजी लाकडी किंवा प्लॅस्टिकचा चमचा दिला की जरा बरं जातं, ही युक्ती घरच्यांना माहीत नसते. फळं न्यायची तर जाड सालीची, घरी धुऊन सोलून खाता येतील अशी, डाळिंब आपल्या जिल्ह्याचंच आहे, केळी, मोसंबी. गाड्यावरची कापलेली फळं आणि उघडा रस अजिबात नाही. आणि हे फक्त मॅडमसाठी सांगतेय हं, सगळ्या आजाऱ्यांना सरसकट लावू नकोस. किडनीच्या पेशंटला, डायलिसिसवाल्याला, केळी, मोसंबीचा रस आणि शहाळं विषासारखं होऊ शकतं. त्यातलं पोटॅशियम अंगात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. आणि हॉस्पिटलच्या गेटबाहेर सगळ्यात जास्त काय विकलं जातं, तर शहाळंच. पेशंटला बघायला मोकळ्या हाताने कसं जायचं म्हणून लोक तेच उचलतात.

अंगारा-प्रसादाचं पण सांगते, कारण इथं अक्कलकोट अर्ध्या-पाऊण तासावर, तुळजापूर जवळ, पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आणि सिद्धेश्वर तर गावातच, त्यामुळे प्रत्येक पेशंटच्या उशीखाली एक तरी पुडी असतेच. मी कधी कुणाची पुडी काढून टाकली नाही. कपाळाला लावा, उशीखाली ठेवा, त्याने माणसाला धीर येतो. फक्त जखमेवर, ड्रेसिंगजवळ, सलाईनच्या सुईपाशी नको. आणि ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवलेल्या माणसाला चमचाभर तीर्थ, पेढ्याचा कण, काही नाही. भूल देताना पोटातलं वर येऊन श्वासात गेलं तर जीवावर बेततं, म्हणून घनपदार्थ सहा तास आधी बंद असतात, साधं पाणी पण दोन तास आधी. 'एवढासा प्रसाद खाल्ला' म्हणून थिएटरच्या दारातून परत पाठवलेले पेशंट मी बघितलेत. 'तुमच्यासाठी प्रार्थना करतेय' असं मेसेजमध्ये लिहावं का? मॅडम श्रद्धाळू असतील तर लिही, बरं वाटेल त्यांना. पण त्याचा गाजावाजा नको. २००६ साली अमेरिकेत बायपासच्या १८०२ पेशंटवर एक मोठा अभ्यास झाला होता, त्यात ज्यांना 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना चालू आहे' असं सांगून ठेवलं होतं त्यांच्यात ऑपरेशननंतर गुंतागुंत झालेले ५९ टक्के, आणि प्रार्थना चालू होती पण तसं नक्की सांगितलेलं नव्हतं त्यांच्यात ५२ टक्के. आकडा योगायोगाचा असेल, पण मी इतकं बघितलंय की 'तुमच्यासाठी महामृत्युंजयाचा जप बसवलाय' म्हटलं की पेशंट आधी घाबरतो, म्हणतो म्हणजे माझं एवढं झालंय का.

उपाय सुचवू नकोस, हे तर तुला सांगायला नको. अमुक गावचा वैद्य, तमुक पानांचा रस, साखर बंद करा म्हणजे गाठ उपाशी मरते, असल्या व्हिडिओंनी पेशंटचा फोन आधीच भरलेला असतो. 'आमच्या आत्यालाही हेच झालं होतं' या वाक्याचा शेवट कसा होणार हे समोरच्या बाईला कळतं, त्यामुळे आत्या बरी झाली असेल तरच आत्याला बाहेर काढ.

भाषेचं एक सांगते. आपल्या सोलापुरात साखर पेठ, अशोक चौक, विडी घरकुल इकडे घराघरात तेलुगू, दुसरीकडे कन्नड, शिवाय दखनी. दिवसभर मराठीत व्यवहार करणारा माणूस दुखायला लागलं की आईच्या भाषेत कण्हतो. लूमवर काम केलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी तेलुगूत नुसतं 'बागुन्नारा?', म्हणजे बरे आहात का, विचारलं तर त्यांनी माझा हात सोडला नव्हता. कन्नडमध्ये तेच 'आराम अदीरी?' म्हटलं की अक्कलकोटकडची, कर्नाटकातल्या इंडीकडची माणसं एकदम सैलावतात. तुझ्या मॅडम घरात कुठली भाषा बोलतात ते तुला माहीत असेलच, येत असेल तर त्या भाषेत एक व्हॉइस नोट पाठव. टाइप केलेलं वाचायला डोळ्यांना त्रास होतो अशा दिवसांत व्हॉइस नोट बरी, फक्त एका मिनिटाच्या आत, सहा मिनिटांचं कीर्तन नको.

पक्षाघात झालेल्या माणसाला तर व्हॉइस नोट किंवा फोटोच पाठवावा. बऱ्याच जणांची उजवी बाजू जाते तेव्हा वाचा पण जाते, त्यांना समजत असतं पण शब्द बाहेर येत नाही, कुणाला वाचायला पण जमत नाही. फोन लावून 'बोला ना काका, ओळखलं का' असं करू नका, फार अपमान वाटतो त्यांना. टीबीचं उलटंच असतं, तिथं कुणी शुभेच्छाच देत नाही, नाव घ्यायला पण लोक बिचकतात, आणि सहा महिने सरकारी गोळ्या खाणारा पोरगा एकटा पडतो. त्याला तर आवर्जून लिहा, मेसेजमधून जंतू येत नाहीत. तसंच डिप्रेशनचं, हात मोडला तर सगळे विचारतात, मन मोडलं तर ग्रुपवर शांतता.

आणि एक अवघड गोष्ट. काही जण बरे होणार नसतात, त्यांना माहीत असतं, आपल्यालाही माहीत असतं. त्यांना 'लवकर बरे व्हा' लिहायचं नाही. त्यांना त्यांनी आपल्यासाठी केलेलं काहीतरी आठवून लिहायचं. 'सर, तुम्ही त्या वर्षी फी भरली नसती तर मी आज इथं नसतो', अशा एका मेसेजचं प्रिंट काढून एका पेशंटने उशाच्या भिंतीला चिकटवून घेतलं होतं, राउंडला आलेल्या प्रत्येक डॉक्टरला वाचून दाखवायचे. तुझ्या मॅडमची गोष्ट तशी नाही, पण तुझ्या लक्षात राहू दे.

आता शब्दांपलीकडचं. तू बँकेत आहेस, तुला जे जमतं ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही. रजेचा अर्ज, मेडिकल बिलांची फाईल, कुठल्या बिलावर डॉक्टरचा शिक्का राहिलाय, हे सगळं त्यांचे मिस्टर हॉस्पिटलात धावपळ करता करता बघत असतात. त्यांना सरळ म्हण, 'सर, बिलं सगळी एका पिशवीत घालून द्या, फाईल मी लावते'. 'काही लागलं तर सांगा' पेक्षा हे शंभर पट बरं, कारण त्यांना फक्त पिशवी द्यायची आहे. ज्या ओळखीच्या लोकांकडे असलं काही नसतं, विडी वळणारी बाई असेल, हातमागवाला असेल, त्यांचा हॉस्पिटलातला एक दिवस म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. तिथं बुके नेण्यापेक्षा पाकीट द्या, आणि चारचौघांत नाही, निघताना घरच्या बाईच्या हातात. किंवा रेशनकार्ड, आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राच्या टेबलापर्यंत त्यांच्याबरोबर जा, सरकारच्या मोफत उपचाराच्या महात्मा फुले योजनेत बसतंय का ते विचारून द्या. रक्त लागणार असेल तर 'माझा बी पॉझिटिव्ह आहे, चार महिन्यांत दिलेलं नाही, रात्री पण फोन करा' असा मेसेज. मला विचारशील तर मी बघितलेली सगळ्यात चांगली शुभेच्छा ही होती.

मिस्टरांना पण एक मेसेज टाक. त्यांना कुणी विचारत नाही. सगळे 'वहिनी कशा आहेत' विचारतात आणि हा माणूस दोन महिने नीट जेवलेला नसतो.

मॅडमकडून उत्तर आलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस, दोन ब्लू टिक दिसल्या म्हणजे पोचलं. पुढच्या सायकलच्या आधी परत लिही. काही बायका सहा सायकल संपल्यावर एकदम सगळ्यांना फोन करतात, तेव्हा कळतं की प्रत्येक मेसेज वाचला होता.

आणि त्या शाखेत परत येतील तेव्हाचं आत्ताच सांगून ठेवते कारण तेव्हा तू विचारशील असं नाही. काखेतल्या गाठी पण काढलेल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला पुढं कधीही सूज येऊ शकते. जोरात हात मिळवणं, त्या बाजूने मिठी मारणं, तो हात ओढणं टाळा. आल्या आल्या सत्कार, केक, भाषण असलं काही काढू नका, आधी त्यांना विचारा, बऱ्याच जणींना फक्त गुपचूप आपल्या खुर्चीवर जाऊन बसायचं असतं. आणि नाण्यांच्या पिशव्या, जुनी लेजरं, कॅशचे ट्रे त्या हाताने उचलायला लागू नयेत एवढं शिपायाला आदल्या दिवशीच सांगून ठेव, मॅडमच्या समोर नको.